हॉर्न ऐकून येणारा पाव्हणा

चंद्रपूरच्या माणसाला लांडगा बघायला सोलापूरला पाठवायचं, म्हणजे हलवायाला शेजारच्या गावी बत्तासे खायला धाडण्यासारखं आहे. आमच्याकडे वाघ इतके झालेत की पहाटे दारावर थाप पडली तर दूधवाला आहे की वाघ, हे विचारून मगच कडी काढावी लागते. (थोडं कमी करून वाचा. पण फार कमी करू नका.)

मी कॉलेजात वन्यजीव पर्यटन शिकवतो. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' त्याच विषयातलं आहे; आमच्या मामांची अजूनही समजूत आहे की मी वाघांना इंजेक्शनं देतो, आणि ती मोडण्याचा प्रयत्न मीही कधी केला नाही. सबंध नोकरी मी एकाच वाक्यावर काढली: जंगलाशेजारच्या माणसाला जंगलाकडून चार घास मिळाले, तर तो जंगल राखतो. हे वाक्य मी खेड्यांतल्या चावड्यांपासून परदेशातल्या गारेगार सभागृहांपर्यंत सगळीकडे वाजवलं, आणि टाळ्या घेतल्या. सोलापूरला गेलो तोही त्याच वाक्याच्या जोरावर. आणि तिथे त्या वाक्यानं माझ्याच मुस्काटात मारली.

बोलावणं गिरिजाचं होतं. गिरिजा माझी जुनी विद्यार्थिनी, आता सोलापुरात शिकवते. फोनवर म्हणाली, "सर, या. लांडगे दाखवते. प्रत्येक फेरीला दिसतात."

"प्रत्येक?"

"प्रत्येक, सर. वर्षभरात एकही फेरी कोरडी गेलेली नाही."

मी खुर्चीत होतो म्हणून वाचलो. जंगली जनावर कधी हमी देत नाही. आमचे वाघ एवढे प्रसिद्धीला चटावलेले, पण त्यांचाही मूड नसला तर मंत्री जीपमध्ये वाळत बसतात. आणि इथे लांडगा, जो माणसाची सावली दिसली तरी दिशा बदलतो, तो एस.टी.च्या वेळापत्रकानं येतो? मी त्याच आठवड्यात निघालो.

दोन गाड्या बदलून सकाळी सोलापूर स्टेशनावर उतरलो. हुरड्याचे दिवस होते, म्हणजे हिवाळा. पण सोलापूरच्या उन्हाला ते कोणी कळवलेलं दिसलं नाही. स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्या चाचांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून विचारलं, "क्या देखने कू आये साब?"

"लांडगा."

"लांडगा? उसके वास्ते इत्ती दूर से?" चाचांनी रिक्षा चालू केली. "हमारी गल्ली में चलो. ऐसे कुत्ते दिखाता, लांडगे उनको सलाम करते. वो बी फुकट में."

खोटं बोलण्यात कोणी माझ्या बरोबरीचा भेटला की मला मुलूख एकदम आपला वाटायला लागतो. शुक्रवार पेठेत उतरेपर्यंत सोलापूर मला आवडून गेलं होतं.

गिरिजाचं घर पेठेतल्या एका अरुंद बोळात. खाली तिच्या भावाचं चादरींचं दुकान, वर घर. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि जिन्यावर दोन्ही. तिच्या आईला सगळे अव्वा (आई) म्हणतात. अव्वांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. पाट मांडला आणि म्हणाल्या, "ऊट माडरी" (जेवा). ताटात कडक भाकरी, जी मोडताना गोळी सुटल्यासारखा आवाज होतो; तिच्याबरोबर शेंगांची चटणी आणि दही; आणि शेवटी हुग्गी (गव्हाची खीर), तुपात बुडालेली. मी "पुरे" म्हणालो, वाटी भरली. "नको" म्हणालो, वाटी भरली. तिसऱ्या वाटीनंतर गिरिजाला दया आली.

"सर, 'साकु' म्हणा. साकु म्हणजे पुरे."

"साकु!" मी ओरडलो.

माझ्या तोंडून कन्नड ऐकून अव्वांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक वाटी वाढली.

जेवणानंतर गिरिजानं सगळं नीट समजावलं. सोलापूरजवळच्या एका गावाच्या उत्तरेला मोठा गवताळ माळ आहे, गावाचं गायरान. त्यावर मेंढरं चरतात आणि लांडग्यांचं एक कुटुंब राहतं. सौर पॅनेलवाली एक कंपनी तो माळ भाड्यानं मागत होती. गिरिजानं सरपंचांच्या हातापाया पडून वर्षाची मुदत घेतली: लांडगे बघायला पाहुणे आले, गावातल्या बायांच्या चुलींना काम मिळालं, तर माळ राहील. नाहीतर काचांची शेती. वर्ष संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, आणि तिथे बाहेरचा जाणकार म्हणून मी बोलायचं होतं.

"माझ्या आयुष्यात हे एकच काम मनासारखं झालंय, सर," ती म्हणाली. "बाकी सगळे पेपर कपाटात आहेत. हे तेवढं जमिनीवर आहे."

दुपारी सिद्धाराम जीप घेऊन न्यायला आला. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सिद्धाराम म्हणजे गावातला गाईड, ड्रायव्हर आणि हौशी निवेदक, तिन्ही एकाच शर्टात. धंदा पोल्ट्रीचा. मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट पडावं.

"सर, तुमच्याकडं वाग बगायला लोकं सा-सा म्हैने नंबर लावत्यात म्हनं," रस्ताभर तो बोलत होता. "आन तरी दिसंल का न्हाई ते वागाच्या मर्जीवर. आमच्यात तसलं काय न्हाय. आमचा लांडगा मानसाळलेला हाय."

"माणसाळलेला" हा शब्द माझ्या कानात खड्यासारखा अडकला. पण हुग्गी अंगावर आली होती. मी डुलकी काढली.

गावात सरपंच सुलोचनाबाईंनी शेताच्या बांधावर हुरड्याची तयारी ठेवली होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव (याला आगटी म्हणतात), त्यात ज्वारीची कोवळी कणसं. पुण्याहून आलेली एक मंडळी गरम दाणे फुंकून खात होती आणि प्रत्येक दाण्याचा फोटो काढत होती. सहा-सात बाया कणसं चोळत होत्या, चटणी वाढत होत्या, पाहुण्यांची थट्टा करत होत्या.

"सर, या बायका आदी लोकाच्या रानात खुरपायला जात व्हत्या," सुलोचनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आता हितं मालकिनी हायत. म्या कंपनीवाल्यांना वर्स झालं थांबवून ठेवलंय. उद्या तुमी चार शब्द बोला, म्हंजी माजं बी तोंड ऱ्हाईल."

चार शब्द! मी म्हणालो, "बाई, मी चारशे बोलेन." बोलणं हा माझा एकमेव निसर्गदत्त गुण आहे.

ऊन उतरल्यावर आम्ही माळावर निघालो. पुढे सिद्धाराम, शेजारी मी, मागे गिरिजा. माझ्या पायांशी एक गच्च भरलेलं पोतं होतं, गुडघे हनुवटीला लागत होते. वास खताचा वाटला. शेतकऱ्याच्या जीपमध्ये खत नाहीतर काय अत्तर असणार, म्हणून मी गप्प बसलो.

माळ मात्र असा की शब्दच आटले, आणि माझे शब्द सहसा आटत नाहीत. पिवळं गवत वाऱ्यावर लवत होतं, मध्ये कुठे एखादी बोर, कुठे बाभूळ, आणि आभाळ इतकं मोठं की आमच्या चंद्रपूरच्या जंगलातल्या माणसाला उघड्यावर अंघोळ करत असल्यासारखा संकोच वाटावा. लांब एक मेंढपाळ काळं घोंगडं पांघरून उभा होता.

एका बाभळीजवळ सिद्धारामनं जीप थांबवली आणि हॉर्न दाबला. पॅंऽऽ पॅं. पॅंऽऽ पॅं.

"हॉर्न कशाला?" मी दचकून विचारलं. जंगलात हॉर्न म्हणजे देवळात शिवी.

"मेंढपाळांची कुत्री लांब जावीत म्हणून, सर," मागून गिरिजा म्हणाली. "सिद्धाराम रोज असंच करतो."

कुत्री कुठेच नव्हती. पण गवत हललं, आणि लांडगे आले.

मी माझ्या हयातीत वाघाला एवढ्या जवळून पाहिलंय की त्याच्या मिशा मोजाव्यात; निदान सांगतो तरी तसं. पण असं दृश्य मी थापेतसुद्धा कधी घातलं नव्हतं. एक, दोन, तीन लांडगे गवतातून धावत आले. पळून नाही, आमच्याकडे! एक फाटक्या कानाची मादी जरा लांब थांबली. आणि एक तरणाबांड नर, मातकट रंगाचा, शेपूट उचलून सरळ माझ्या बाजूला आला आणि जीपच्या पायरीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून त्यानं माझ्या गुडघ्यांमध्ये नाक खुपसलं.

त्या क्षणी मी जो आवाज काढला, तो प्राध्यापकाचा नव्हता.

"भ्याव नका, सर!" सिद्धाराम हसत होता. "पाव्हणा हाय त्यो. म्या त्याचं नावच पाव्हणा ठेवलंय. तुमाला काय न्हाय करत, पोत्याचा वास घितोय."

मी पोत्याचं तोंड उघडलं. आत मेलेल्या कोंबड्या होत्या.

गिरिजा मागून वाकून बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला लांडग्याचा विसर पडला.

"सिद्धाराम," ती म्हणाली, "हे रोजचं आहे?"

"मंग? तुमाला सोडून आलो की टाकतो की हितं. शेडमदी मेलेल्या कोंबड्या काय करायच्या? पुरायच्याच की. त्यापरास..."

"का पण?"

सिद्धारामला प्रश्नच कळेना. तो माझ्याकडे वळला. "सर, तुमीच सांगा. पाव्हणं पुन्या-ममईवरनं येत्यात. लांडगा न्हाय दिसला तर गावाचं नाव काय ऱ्हाईल? आन ह्यो बिचारा आपल्या हाकंला ओ दिऊन पाव्हण्यांम्होरं येतो. त्याला उपाशी लावून द्यायचा व्हय? आपल्यात रीत हाय का ती?"

जंगलाशेजारच्या माणसाला चार घास मिळाले तर... माझं वाक्य. या पठ्ठ्यानं ते उलटं करून लांडग्यापुढे वाढलं होतं, तेही तूप घालून. गावात आलेला उपाशी जाता कामा नये, मग तो पुण्याचा असो की गवतातला! मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं आणि गाठ माझ्याच बुटाच्या नाडीला मारली. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही. साक्षीला गिरिजा आहे.

परतताना ती एवढंच बोलली, "सर, मी पत्रकं छापलीत. खात्रीनं लांडगा, असं."

मला ग्रामसभा दिसत होती. खरं सांगितलं तर उद्यापासून कोंबड्या बंद, कोंबड्या बंद तर लांडगे दिसणार नाहीत, लांडगे नाहीत तर पाहुणे नाहीत, आणि माळावर काचा. नाही सांगितलं, तर पाहुणे येतील, टाळ्या पडतील, आणि लांडगा... लांडग्याचं काय होईल, ते मी उद्या चहा पिऊन ठरवायचं म्हटलं. अवघड निर्णय मी नेहमी चहानंतर घेतो. तोवर बहुतेक वेळा दुसरा कोणीतरी घेऊन टाकतो.

दुसऱ्या सकाळी तो निर्णय एका ट्रकनं घेतला.

हायवेच्या कडेला टपरीवर आम्ही तिघं उभे होतो. पलीकडे ज्वारीचं रान, त्यापलीकडे माळ. टपरीवाला सिद्धारामची मस्करी करत होता, "काय मिशीवालं, आज कुठला जावई घिऊन निगाला?" सिद्धाराम हसून काहीतरी उत्तर देत होता. तेवढ्यात लांबून आलेल्या एका ट्रकनं पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला बाजूला व्हायला सांगितलं. पॅंऽऽ पॅं.

ज्वारी हलली.

मातकट रंग, उचललेली शेपूट. पाव्हणा रानातून धावत आला, कान टवकारून, आनंदानं. हो, आनंदानंच, प्राध्यापकानं प्राण्याबद्दल असं लिहू नये हे मला माहीत आहे. तो ट्रकपासून पळत नव्हता. ट्रकला भेटायला येत होता.

ब्रेकचा आवाज फार लांबपर्यंत गेला.

सिद्धारामचा कप हातातच राहिला. मग तो धावला, रस्त्याच्या मधोमध बसला, आणि त्या लांडग्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "त्याला वाटलं, मी आलोय." ट्रकवाला खाली उतरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवो, ते माज्या अंगावर आलं की! लांडगं कदी गाडीच्या अंगावर येतं का?" सिद्धाराम उठला तेव्हा मिशा ओल्या होत्या आणि मला त्यांच्यावर एकही विनोद सुचला नाही.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, आणि दुपारी ग्रामसभा भरली.

समाजमंदिर खच्चून भरलं होतं. सुलोचनाबाईंनी माझं नाव पुकारायच्या आत गिरिजाच उभी राहिली. "लांडगे आपोआप येत नव्हते," ती म्हणाली. "आपण त्यांना खायला घालत होतो. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. आजपासून ते बंद. आता ते दिसतीलच असं नाही. कदाचित दिसणारच नाहीत." आणि ती बसली.

"म्हंजी मंग काचाच की," मागून एकजण म्हणाला. कुजबुज सुरू झाली. हुरड्यावरच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या, कालच्या मालकिणी. सिद्धाराम भिंतीला तोंड करून बसला होता.

मी उठलो. चारशे शब्द तयार होते, पण ते सगळे 'प्रत्येक फेरीला दर्शन' या मुद्द्यावर बेतलेले. म्हणून जे खरंखुरं येत होतं ते बोललो.

"आमच्याकडे वाघ न बघता परत गेलेला माणूस जास्त बोलतो, की बघून गेलेला?" मी विचारलं. "बघितलेला फोटो दाखवतो आणि गप्प बसतो. न बघितलेला जन्मभर सांगतो: आत्ताच गेला होता हो, पंजे ओले होते, गवत हलत होतं. तो दरसाल परत येतो. आमच्या गाईडांची अर्धी घरं न दिसलेल्या वाघांवर उभी आहेत. लांडगा तुम्हाला दाखवता येणार नाही. पण ज्याच्या मेंढरांमागे लांडगा लागला, त्या माणसाच्या तोंडून तो ऐकवता येईल."

पुढच्या रांगेत घोंगडीवाला एक म्हातारा बसला होता. माळावर काल दिसलेला तोच, बिरुआजा, गावातला सगळ्यात जुना मेंढपाळ.

"म्हंजी थापा मारायच्या म्हना की, सर," तो म्हणाला.

"तुमच्याकडे खऱ्या गोष्टी असतील तर थापांची गरज काय?"

"हायत की. मायंदाळ हायत. पर ऐकत कोन न्हाय. घरातली तर उटून जात्यात." हशा पिकला. म्हाताऱ्यानं तो ओसरू दिला. "आन ते काचांचं म्हनाल, तर लांडगा दिसू दे न्हाय तर न दिसू दे. माजी मेंढरं काय काचा चाटनार हायत?"

मेंढपाळांच्या बाजूनं आवाज वाढला, कंपनीच्या बाजूचेही वाढले, एक खुर्ची मोडली. शेवटी सुलोचनाबाईंनी टेबलावर हात आपटला. "फुडच्या हुरड्यापतोर माळ हाय तसा ऱ्हाईल. तवा बगू. गिरिजाबाई, तवर मानसं आली पायजेत. लांडगा नसला तरी."

मी चंद्रपूरला परतलो, पण मन जीपच्या पायरीवर राहिलं. गिरिजाचे फोन यायचे. खात्रीची पत्रकं तिनं जाळली. पुढचे महिने वाईट गेले. हमी गेल्यावर पाहुणेही गेले. लांडगे काही दिवस बाभळीपाशी येऊन बसायचे, वाट बघायचे. मग येईनासे झाले. पुढे पाहुण्यांचे थोडे थोडे जथे पुन्हा यायला लागले: बिरुआजाबरोबर दिवसभर मेंढरांमागे चालायचं, ठसे बघायचे, त्याच्या गोष्टी ऐकायच्या, संध्याकाळी बायांच्या हातची भाकरी. गर्दी नव्हती. पण आलेले पुढच्या खेपेला पोरं घेऊन येत होते.

पुढच्या हुरड्याला मी पुन्हा गेलो. सिद्धाराम स्टेशनावरच हजर होता. गावाच्या वेशीपाशी म्हशी आडव्या आल्या, तर या गड्यानं हॉर्न न दाबता अर्धं अंग जीपच्या बाहेर काढलं आणि गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "ओ मावशेऽऽ! म्हशी घ्या की बाजूला!"

"हॉर्न बिघडला का?"

"काढून टाकला, सर. जीपचा बी, मोटारसायकलीचा बी." आणि मग, खाली बघत, "आता गावात कुनी बी वाजवत न्हाय. पोरं सायकलीची घंटी बी न्हाय वाजवत माळाकडं."

वर्षभर आरोळ्या मारून त्याचा आवाज असा झाला होता की त्याच्यापुढे हॉर्ननंच कानावर हात ठेवावेत.

ग्रामसभा त्याच दुपारी झाली, आणि मला एक शब्दही बोलू दिला नाही. हुरड्यावरच्या बाया पुढे येऊन बसल्या होत्या. मेंढपाळ आणि त्या बाया मिळून हात वर झाले, माळ आणखी काही वर्षं तसाच ठेवायचं ठरलं. हात थोडेच जास्त होते. गिरिजा रडत होती आणि अव्वांना फोनवर कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती. त्यात मला फक्त 'सर' कळलं, आणि पलीकडून 'हुग्गी'.

दुसऱ्या सकाळी आम्ही माळावर गेलो. पायाशी पोतं नव्हतं, माझे गुडघे पहिल्यांदा सुटे होते. बाभळीपाशी सिद्धारामनं जीप बंद केली. बराच वेळ काहीच नाही. वारा, गवत, कुठेतरी एक तित्तिर.

मग उतारावर ती दिसली. फाटक्या कानाची मादी. तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आली तर? अजून आठवत असेल तर?

ती वळली आणि पळाली. पोट जमिनीला लावून, अशी पळाली की जसा काही आमच्या जीपला देवीचा रोग झालाय. दोन झेपांत गवतात, तिसरीत दिसेनाशी.

"पळाली!" सिद्धाराम कुजबुजला. त्याच्या घशात कुजबुज उरली आहे, हेही तेव्हाच कळलं. "सर, पळाली! आपल्याला बगून पळाली!" त्यानं माझा हात असा दाबला की बोटं अजून दुखतात. मागे गिरिजानं तोंडावर ओढणी धरली होती. ती हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. मी मागे वळून बघितलंच नाही. माझंच तोंड बघण्यासारखं नव्हतं.

तर मंडळी, चंद्रपूरला परत आलो आणि नेहमीप्रमाणे चौकात तुम्ही मला घेरलंत. पहिला प्रश्न तोच: "किती जवळून बघितला?" या प्रश्नाला आजवर मी कधी खरं उत्तर दिलेलं नाही. ज्या वाघाला दुर्बिणीतून शोधावं लागलं, तो माझ्या तोंडी हाताच्या अंतरावर येऊन जांभई देऊन गेलाय. अंतर कमी करणं ही माझी कला आहे.

या खेपेला म्हणालो, "लांबून. फार लांबून. सांगतो काय, एवढ्या लांबून की तिचा फाटका कान ओळखायलाच माझा अर्धा दिवस गेला."

खरं तर ती तेवढी लांब नव्हती. पण थोडं वाढवून सांगितलं. पुढे कोणी तिकडे गेलंच, तर त्यानं तेवढ्या लांबूनच बघावं.